मुख्यमंत्रिपद एवढं काटेरी, तरी रांग का संपत नाही?

निलंगा_ते_पुणे:
आमचे अण्णा पाच वर्षं गावचे सरपंच होते. उन्हाळ्यात टँकर चुकला की पहाटे साडेपाचला बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्या अंगणात. अण्णांची साखर वाढली, एक बैलजोडी विकली गेली, वर भावकीतले दोघं बोलायचे बंद झाले ते आजपर्यंत. मुदत संपली तेव्हा आईनं देवाला नारळ फोडला. आणि पुढच्या निवडणुकीला अण्णा पुन्हा फॉर्म भरायला तहसीलला हजर!

गावाची ही कथा, तर राज्याचं काय होत असेल? १९६० पासून सलग पाच वर्षांची मुदत पुरी केली ती वसंतराव नाईकांनी, आणि पुढे २०१४ ते २०१९ मध्ये फडणवीसांनी. बाकी सगळे अध्येमध्ये उतरले. कन्नमवार तर वर्षभरात, पदावर असतानाच वारले. आमच्या निलंगेकरांना १९८५-८६ मध्ये वर्षही पुरं मिळालं नाही. तरी प्रत्येकाला तीच खुर्ची हवी. का? ‘पैसा’ एवढंच उत्तर कृपया नको.

कट्टेकरी:
ताई, पैसा नको म्हणालात म्हणजे अर्धा पेपर तुम्हीच फाडलात. 😀

माजी_कक्ष_अधिकारी:
एकतीस वर्षं मंत्रालयात काढली, म्हणून दोन शब्द.

लोकांना लाल दिवा, बंगला, पोलीस दिसायचे. आम्हाला दिसायचा तो शेरा. कुणीतरी चुरगळलेला अर्ज घेऊन येतो, साहेब उभ्याउभ्या त्यावर एक ओळ लिहितात. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असेल तर आम्ही ओळखायचो की हा अर्ज आता निवांत झोपणार. ‘तपासून तात्काळ सादर करावे’ असेल, खाली तारीख असेल, तर संध्याकाळपर्यंत टिपणी तयार लागायची. चार शब्दांचा फरक, पण कुठल्या तरी तालुक्यात बंधारा होतो किंवा होत नाही. हे एकदा स्वतःच्या हातानं केलेल्या माणसाला दुसऱ्याचे शेरे बघत घरी बसवत नाही.

तुम्ही विचारता खुर्ची का हवी. मी उलटं विचारतो, खुर्ची गेल्यावर खालची का चालते? शंकरराव चव्हाण १९७५ ते ७७ मुख्यमंत्री. १९७८ ला अवघ्या सदतीस वर्षांच्या शरद पवारांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री म्हणून बसले. नुसत्या मानापानाचा प्रश्न असता तर बसले असते का? पाटबंधारे खातं सांभाळलेला, जायकवाडीमागे लागलेला माणूस तो. १९८६ ला पुन्हा मुख्यमंत्री झालेच. तुमचे निलंगेकरही सत्तरी ओलांडल्यावर २००३ ला मंत्री म्हणून परत आले. २०२२ ला फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, २०२४ ला शिंदे झाले. पायरी उतरायला माणूस कुरकुरत का होईना तयार होतो, वाड्याबाहेर जायला होत नाही.

सगळे पाण्यासाठीच लिहीत होते असं मी म्हणत नाही. कोणते शेरे कुणासाठी पडायचे तेही पाहिलंय. ते इथे नको, पेन्शन चालू आहे.

सतरंजी_उचल्या:
साहेबांचं पटलं, पण आमच्यासारख्यांना विसरलात. आमचे नेते एकदा पडले तेव्हा खरंच थकले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, आता शेती बघतो. आम्हीच बघू दिली नाही! त्यांच्या जिवावर एकाचं दूध संकलन केंद्र, एकाची कारखान्यात चिकटलेली नोकरी, एकाची रस्त्याची अडकलेली बिलं. माझा मेहुणा बदलीच्या यादीत होता, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी पंधरावीस जण जाऊन ओसरीवर बसायचो आणि ‘साहेब, जनता तुमची वाट बघतेय’ म्हणायचो. जनता म्हणजे आम्हीच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी इस्त्रीचे कपडे मागवले.

निलंगा_ते_पुणे:
सतरंजीदादा, आमच्या अंगणातही अशीच माणसं बसायची. चहाची पातेली मी घासलीत.

कक्ष अधिकारी काका, तुमचा प्रतिसाद अण्णांना फोनवर वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, “त्या सायबाला इचार, रिटायर झाल्यावर मंत्रालयात किती डाव गेलते?”

माजी_कक्ष_अधिकारी:
अण्णांना नमस्कार सांगा. चार वेळा.

दोनदा पेन्शनच्या कामाला. उरलेल्या दोन वेळी काम काहीच नव्हतं. रांगेत उभं राहून पास काढला, मुख्यमंत्र्यांच्या सहाव्या मजल्यापर्यंत गेलो. कॉरिडॉरमध्ये अर्ज घेतलेली माणसं उभी होती. एकानं मला आतला समजून ‘साहेब, एवढं बघा ना’ म्हणत कागद पुढे केला. मी चष्मा काढून तो अख्खा वाचला.