मदत हवी आहे: माथेरानला घोड्यावरून नीट दोन तास फिरायचंय, फोटोपुरतं नाही

मुठेकाठची

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत दोन रात्री माथेरानला जायचं घाटतंय. पुण्याहून आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि साबा (सासूबाई). हॉटेलं, जेवण, कुठला पॉइंट सकाळी आणि कुठला संध्याकाळी हे सगळं जुन्या धाग्यांत वाचलं. माझं अडलंय ते घोड्यांपाशी.

आजवर घोड्यावर बसणं म्हणजे कुणीतरी वर चढवायचं, दोरी धरून थोडं पुढेमागे करायचं, फोटो काढायचा आणि "चला, पुढचे या". या वेळी मला खरंच फिरायचंय. झाडीतून, दोनेक तास, सोबत माहीतगार घोडेवाला आणि जमलं तर लगाम माझ्या हातात. पळवायची अजिबात हौस नाही. नुसतं चालत गेलं तरी चालेल, पण घोडा मी चालवतेय असं वाटलं पाहिजे.

काहीच अनुभव नसताना हे जमतं का? नवऱ्याचं वजन ९४ किलो आहे, ते घोड्याला झेपेल का? (त्याला विचारलं तर म्हणतो, घोड्यालाच विचार.) लेक कशालाच घाबरत नाही, त्यामुळे तिची मला जास्त काळजी. साबा ६८ वर्षांच्या, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. आणि मुख्य म्हणजे घोडेवाल्याशी आधी काय बोलून घ्यायचं? काहीही विचारलं तरी "हो ताई, सगळं होतं, बसा तुम्ही" एवढंच ऐकू येतं, म्हणून इथे विचारतेय.

शनिवारपेठी

माथेरानला गाड्यांना बंदी आहे. तिथली लाल माती आणि सावली चालणाऱ्यांसाठी आहे. चाला की! दोन तास घोड्यावर बसून नंतर दोन दिवस फेंगडं चालण्यापेक्षा बरं.

मुठेकाठची

चालणारच आहोत हो. पण चालायचं तर पर्वती आहेच घराजवळ.

टापटीप

ताई, जमतं. बिगरअनुभवी माणूस शांत घोड्यावर दोन तास चालीत सहज फिरू शकतो. मात्र जायच्या आधी पुण्यातच थोडं शिकून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. तळेगावच्या बाजूला आणि शहराच्या इतर कडांनाही रायडिंग शिकवणाऱ्या जागा आहेत. रिंगणात लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात, तुम्ही फक्त बसायला शिकता. अशा चारदोन शिकवण्यांनी घोडा येत नाही, पण थांबवणं, वळवणं आणि मुख्य म्हणजे घाबरल्यावर लगामाला न लोंबकळणं एवढं अंगवळणी पडतं. लगाम हा आधाराचा दांडा नाही. त्याचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. तोल जातोय वाटलं तर खोगिराचा पुढचा उंचवटा धरा नाहीतर आयाळ धरा. आयाळ धरली म्हणून घोडा रागावत नाही.

आता नवरोबांचं वजन. बहुतेक रायडिंग स्कूल घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांचा आडाखा धरतात, आणि त्यात स्वार, बूट, खोगीर सगळं आलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २००८ साली यावर अभ्यास झाला. २५ आणि ३० टक्के भार दिल्यावर घोड्यांचे स्नायू दुखावल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. ९४ किलोंचा माणूस आणि आठेक किलोंचं खोगीर म्हणजे घोडा ५०० किलोंच्या पुढचा हवा. आपल्या रेसकोर्सवर पावसाळी सीझनला पळतात ते थरोब्रेड ४५०-५०० किलोंच्या घरातले. हिल स्टेशनवरची तट्टं त्यांच्यापुढे बरीच हलकी. तेव्हा नवरोबांनी शेजारून चालावं. घोड्याची चाल ताशी पाचसहा किलोमीटरची असते, चढावर तर आणखी कमी. सोबत राहता येतं.

जाता जाता: ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. त्यात तट्टावर कमाल ७० किलो, गाढवावर ५० आणि खेचरावर २०० किलो ओझं लिहिलंय. दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. नियम ओझ्याबद्दलचे आहेत, स्वाराबद्दलचे नाहीत, पण पाठ तीच!

शनिवारपेठी

म्हणजे माझंच म्हणणं झालं की. निम्मं कुटुंब पायी.

नेरळकर

मी खालच्या गावचा, वर येणंजाणं लहानपणापासून. दोनचार गोष्टी सांगतो.

तुमची गाडी दस्तुरीला थांबणार, गाड्या तिथपर्यंतच येतात. गाडीचं दार उघडायच्या आतच घोडेवाले येतील. तिथून हॉटेलपर्यंत सामानासकट घोड्यावर जाणं वेगळं आणि तुम्हाला हवी ती रपेट वेगळी. दोन्ही एकाच वेळी ठरवू नका. हॉटेलवर जा, चहा घ्या, मग संध्याकाळी बाजारात शांतपणे बोलून दुसऱ्या दिवशी सकाळचं पक्कं करा. सकाळी घोडा ताजा असतो, गर्दी कमी असते आणि धूळही बसलेली असते. नाताळात दहानंतर रस्त्यावर घोडे, हातगाड्या, माणसं आणि माकडं यांची एकच झुंबड.

बोलताना पॉइंटांची संख्या ठरवू नका, वेळ ठरवा. "सात पॉइंट, बारा पॉइंट" असा सौदा झाला की घोडेवाल्याला ते उरकायचे असतात, मग घोडा हाकलला जातो. "दोन तास, फक्त चालीत, मध्ये एकदा उतरणार" असं म्हणा. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे, वाट लांब आणि झाडीची, तुम्हाला आवडेल. शार्लोट लेककडची बाजू सोपी, पण गर्दीची. घोडा एक आणि घोडेवाला एक असंच हवं. एक पोरगा चार घोडे घेऊन पुढे पळतोय आणि मागचे आपले आपले येताहेत असं दिसलं तर सरळ नाही म्हणा. पैसे किती, कशाचे आणि परतीचे त्यात धरलेत का, हे निघायच्या आधी.

साबांना दस्तुरीहून घोडा नको. जवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत शटल गाडी चालते. नेरळहून वर येणारी १९०७ सालची मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, डिसेंबरात तिचीही मजा घेता येते, फक्त तिकिटाची मारामार असते.

दोन_लेकरांची_आई

मुलीबद्दल एक महत्त्वाचं, कारण हे कुणी सांगत नाही. खोगीर मोठ्यांचं असतं, त्यामुळे मुलांचे पाय रिकिबीपर्यंत (पाय ठेवायच्या लोखंडी कडीपर्यंत) पोचत नाहीत. मग घोडेवाला काय करतो, तर रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्याच्या फटीत पोराचा पाय खुपसतो. पाय बसतो, पोर खूश, आईबाप फोटोत गुंग. घोडा बुजला आणि पोर पडलं तर पाय त्या पट्ट्यातून सुटत नाही, फरफटत जातं. पट्टा आखूड करून मागा. होत नसेल तर लहान खोगीर मागा. तेही नसेल तर पाय मोकळे सोडून, दोरी धरून, अगदी थोडं अंतर. पट्ट्यात पाय मात्र घालू देऊ नका.

आणि हेल्मेट घरून न्या. घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, ते उत्तम. नसेल तर सायकलचं तरी. उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं.

मुठेकाठची

बाप रे, हे पट्ट्याचं मी पाहिलंय आणि कधी डोक्यातच आलं नाही. आभार!

टापटीप, शिकवणीचं पटलं. लेकीलाही नेते. पण घोडा चांगला आहे हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं? मला सगळे सारखेच दिसतात. आणि पाचगणीचं टेबल लँड कसं? तिथे मोकळं आहे, पडलं तर दगडधोंडे तरी नाहीत, असं नवऱ्याचं मत. (स्वतः बसणार नाही, मत मात्र आहे.)

टापटीप

पाचगणीला फेरी म्हणून मजा येते. पण सपाट मोकळं पठार दिसलं की तिथला घोडा पळायच्या तयारीतच असतो, कारण रोज त्याच्याकडून तेच करवून घेतलं जातं. गिऱ्हाइकालाही भरधावच हवं असतं. नवख्याला झाडीतली अरुंद वाट बरी, घोडा आपोआप सावकाश चालतो. फांद्यांकडे लक्ष ठेवा, घोडा स्वतःच्या उंचीपुरतं बघतो, तुमच्या नाही.

घोडा ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही. आधी लांबून चालताना बघा. चालताना डोकं दर पावलाला खालीवर झटकत असेल तर पाय दुखतोय. बरगड्या मोजता येत असतील तर नको. जवळ गेल्यावर कानांकडे बघा. कान मागे चिकटवून तुमच्याकडे मान वळवली तर दोन पावलं मागे या. कान इकडेतिकडे हलताहेत, डोळा निवांत आहे, तर ठीक.

मग घोडेवाल्याला गोड बोलून खोगिराखालचं कापड उचलायला सांगा. मानेच्या शेवटी जिथे पाठ सुरू होते तो उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजू बघा. केस उडालेत, कातडी ओली किंवा लाल आहे, तर तो घोडा त्या दिवशी कुणीच घेऊ नये. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर मधेच पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती खोगिराने झालेल्या जुन्या जखमांची खूण. जखम भरते, पण तिथले केस बऱ्याचदा पांढरेच उगवतात. चांगला घोडेवाला कापड लगेच उचलून दाखवतो, वर घोड्याचं नाव आणि खोड्याही सांगतो. टाळाटाळ करणाऱ्याला राम राम.

बसायच्या आधी तंग तपासायला लावा. पोटाखालचा पट्टा आणि घोड्याचं अंग यात दोन बोटं जेमतेम जावीत, मूठ गेली तर खोगीर फिरणार. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून थोडं चालल्यावर पुन्हा एकदा आवळायला सांगा. रिकिबीची लांबी मापायची सोपी पद्धत: बोटांची टोकं खोगिराला जिथे पट्टा अडकतो तिथे टेकवा, हात सरळ करा, रिकीब साधारण काखेत आली पाहिजे. डावीकडून चढा. रिकिबीत फक्त चवडा, पूर्ण पाऊल नाही. टाच खाली, नजर समोर. चढावर किंचित पुढे झुका, उतारावर किंचित मागे. मध्ये नुसतं बसा.

घोड्याच्या मागे उभं राहू नका, फोटोसाठी तर नाहीच. ओढणी, स्टोल, सेल्फी स्टिक हॉटेलवर.

हाडांची_ताई

मी फिजिओथेरपिस्ट, घोड्यांतलं काही कळत नाही, माणसांपुरतं बोलते. साबांच्या गुडघ्यांना बसून राहण्यापेक्षा चढण्या-उतरण्याचा त्रास जास्त. उंच ओटा किंवा कठडा असेल तिथूनच बसवा आणि उतरवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाडांची घनता. ठिसूळपणा निघालेला असेल किंवा कधी तपासलंच नसेल तर घोडा नको, कारण या वयात खुब्याचं हाड मोडलं तर ते फार महागात पडतं. डॉक्टरांना विचारा, माझ्या प्रतिसादावर जाऊ नका.

तुम्हाला दुसऱ्या दिवशी मांड्यांची आतली बाजू आणि कंबर धरेल. आधीचे दोनतीन आठवडे बसउठ आणि मांड्यांचे ताण सुरू करा. जीन्सची शिवण आतून घासते, जाडसर ट्रॅक पँट किंवा लेगिंग बरी. बूट पुढून बंद, थोडी टाच असलेले. सँडल नको. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं चालू आहे ना, तेही बघून घ्या. लीद, माती आणि खरचटणं एकत्र येतंच. दम्याचा त्रास असेल तर लाल धुळीसाठी मास्क.

मुठेकाठची

साबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "हाड मोडायला माथेरान कशाला, आपलं बाथरूम आहे." पण डॉक्टरांची वेळ घेतलीय. नाहीच म्हणाले तर घोड्याला गूळ खाऊ घालून समाधान मानेन, असंही कबूल करून झालंय. आधी घोडेवाल्याला विचारूनच!

मी आणि लेक शिकवणीला जाणार, नवरा चालणार. शनिवारपेठी, तुम्हाला सोबत हवी असेल तर त्यालाही चालायला कुणी नाहीये.

शेवटचं एक: पडलंझडलं तर प्रवास विमा कामाला येतो का?

शनिवारपेठी

बाकरवडी आणणार असतील तर येतो.

टापटीप

पॉलिसीत "साहसी खेळ" वगळलेत का ते बघा. बऱ्याच साध्या पॉलिसींत घोडेस्वारी त्यातच टाकलेली असते. विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा, फोनवरच्या "हो मॅडम, कव्हर आहे" वर जाऊ नका. आणि गूळ तळहात सपाट करून द्यायला सांगा, बोटांत धरून नाही.

नेरळकर

नाताळात दस्तुरीचं पार्किंग लवकर भरतं. पुण्याहून पहाटे निघा, खोपोली-कर्जतमार्गे नेरळ. घाट अरुंद आणि चढा आहे. चालवणाऱ्याला सवय नसेल तर गाडी नेरळला ठेवून शेअर टॅक्सीने वर या. ट्रेननेही सोपं पडतं, कर्जतला उतरून लोकलने नेरळ.