सल्ला हवा: कार्डांच्या पॉइंटांवर मराठीत लिहिताना कमिशन घ्यावे का?

निगडीकर

क्रेडिट कार्डांचे पॉइंट, म्हणजे खर्चावर मिळणारे बक्षीस-गुण, विमानप्रवासासाठी कसे वापरावेत, याविषयी मी गेली तीन वर्षे मराठीत लिहितो आहे. आईवडिलांना साठलेल्या पॉइंटांवर पुण्याहून दिल्लीला नेले, नातलगांनी कसे जमवले ते विचारले, आणि तेच लिहून काढले, अशी याची सुरुवात झाली. आता एका मध्यस्थ कंपनीचा प्रस्ताव आला आहे. माझ्या लिंकवरून मंजूर झालेल्या एका कार्डामागे १,८०० रुपये, दुसऱ्यामागे ४०० रुपये, आणि ज्या बिनशुल्क कार्डाची मी आजवर सर्वांत जास्त शिफारस केली, त्यामागे काहीच नाही. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाने सांगितले, की माझा लेख वाचून घेतलेल्या कार्डावर त्याची ८०,००० रुपयांची थकबाकी आहे आणि तो सहा महिने फक्त किमान देय रक्कम भरतो आहे. त्याने मला दोष दिला नाही, पण तेव्हापासून नवा लेख लिहायला हात धजावत नाही. कमिशन घ्यावे का, घेतल्यास कोणत्या अटींवर, आणि अशा वाचकाची जबाबदारी माझ्याकडे कितपत येते, याविषयी आपले मत हवे आहे.

जमाखर्च

आधी मावसभावाचे पाहा, कमिशनचा निर्णय महिनाभर थांबू शकतो. आपल्याकडे बहुतेक कार्डांवर दरमहा साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागते. पावणेचार टक्क्यांनी ८०,००० रुपयांवर महिन्याचे ३,००० रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४०. त्याने महिन्याला ४,००० भरले, तरी मुद्दल साडेचारशेच्या आसपासच कमी होते. एवढ्याच खर्चावर दोन टक्के दराने पॉइंट मिळाले असे धरले, तर त्यांची किंमत १,६०० रुपये, म्हणजे त्यातून अर्ध्या महिन्याचे व्याजही भागत नाही. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. त्याने कार्ड वापरणे आजच थांबवावे आणि कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज मिळत असेल तर त्यातून हे फेडून टाकावे.

व्याजाला कोणीतरी वरून लगाम घालील, या भरवशावरही राहू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

आपल्या जबाबदारीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ‘पूर्ण बिल दर महिन्याला भरत नसाल, तर पुढे वाचू नका’ हे वाक्य प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत हवे, शेवटच्या परिच्छेदात नव्हे. ते वाक्य आपल्या लेखात होते का, हे आपणच तपासावे.

कायदेवाचक

कमिशन घेणे बेकायदा नाही, लपवणे मात्र आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी हेच सोप्या शब्दांत सांगितले: सूचना ठळक असावी, सहज दिसावी, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत. आपण मराठीत लिहिता, तर सूचनाही मराठीतच हवी. ‘या लिंकवरून कार्ड घेतल्यास मला १,८०० रुपये मिळतात’ असे आकड्यासह लिहावे, कारण ‘काही लिंकमधून मला लाभ होऊ शकतो’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

एडिसनकर

मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो आणि पॉइंट जमवण्याचा हा छंद इथेच फोफावताना पाहिला आहे. अमेरिकी टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती घरपोच, टपालखर्च न लावता देण्याची योजना २००८ मध्ये आणली होती. लोकांनी क्रेडिट कार्डावर हजारो नाणी मागवून ती थेट बँकेत भरली, त्याच पैशांतून कार्डाचे बिल भागवले आणि फुकटचे पॉइंट मिळवले. अखेर टांकसाळीने जुलै २०११ मध्ये या योजनेसाठी क्रेडिट कार्ड घेणे बंद केले. अशा युक्त्या लिहिताना आपण कोणाचे नुकसान करत आहोत, हा विचार तेव्हा फार थोड्यांनी केला. भारतात पॉइंटांसाठी क्रेडिट कार्डावरून नात्यातल्या माणसाच्या खात्यावर खोटे भाडे पाठवण्याची युक्ती याच जातीची आहे, आणि त्यात तर वाचकाला खोटे बोलायला शिकवले जाते. ती आपण लिहू नये, अशी कळकळीची विनंती.

आणखी एक. पॉइंटांचा पैसा कोठून तरी येतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये काढलेला अंदाज असा होता, की रोखीने व्यवहार करणाऱ्या कुटुंबाकडून वर्षाला सरासरी १४९ डॉलर जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाकडे १,१३३ डॉलर येतात.

डोंबिवलीचे दुकान

आमच्या वडिलांचे किराणा दुकान आहे, म्हणून हे पटते. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, पण क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारातून बँक आपला वाटा कापून घेते. तो वाटा आम्ही तांदूळ-डाळीच्या भावातच धरतो आणि रोख पैसे देणारी बाईही तोच भाव देते. लिहू नका असे मी म्हणत नाही, पण ‘फुकट प्रवास’ हा शब्द मात्र वापरू नये.

जमाखर्च

आपल्या शिफारशींच्या यादीतला कार्डांचा क्रम कमिशनवरून ठरू नये आणि यादी जुनीही होऊ नये. ॲक्सिस मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्चल्यास २५,००० पॉइंट मिळत, तेव्हा त्याची सर्वत्र वाहवा झाली. सप्टेंबर २०२३ पासून तो लाभ बंद झाला आणि वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपये झाले. त्या लाभासाठी कार्ड घेणाऱ्यांचा हिशेबच बदलला, पण जुने लेख तसेच राहिले. कमिशन घेणार असाल, तर जुने लेख दर तिमाहीला दुरुस्त करण्याची अट स्वतःवर घालून घ्या.

निगडीकर

सर्वांचे मनापासून आभार. जुना लेख काढून पाहिला. इशारा होता, पण तेराव्या परिच्छेदात. तो आज पहिल्या ओळीत आणला. ‘फुकट’ हा शब्द सर्व लेखांतून काढतो आहे. कार्डांचा क्रम कमिशनचे आकडे येण्यापूर्वी होता तसाच ठेवणार, बिनशुल्क कार्ड पहिलेच राहील आणि प्रत्येक लिंकशेजारी माझी रक्कम लिहीन. या अटी मध्यस्थ कंपनीला कळवल्या आहेत. रक्कम जाहीर करण्यास त्यांची हरकत असेल, तर करार करणार नाही. मावसभावासोबत शनिवारी बँकेत जाणार आहे. वैयक्तिक कर्जासाठी कोणती कागदपत्रे न्यावीत, हे जमाखर्च यांनी सांगितल्यास उपकार होतील.