रेड वाइन हार्टला चांगली, हे आपल्या डोक्यात भरलं कोणी?

सावरकरनगरवाला: नाशकात कुणालाही विचारा, दारू वाईट पण रेड वाइन हार्टला चांगली, हे सगळ्यांना तोंडपाठ. बीपीची गोळी चालू असलेले काकासुद्धा ऐकवतात. आलं कुठून हे? १९९१ मध्ये अमेरिकेत सीबीएस चॅनेलवर एक रिपोर्ट दाखवला, की फ्रेंच लोक एवढं चीज-बटर हाणतात तरी त्यांना हार्टचा त्रास कमी, कारण बहुतेक रेड वाइन. झालं, तिकडे खप धडाधड वाढला आणि तेच फिरत फिरत आपल्या रविवार पुरवण्यांत येऊन बसलं ते अजून हललेलं नाही. जानेवारी २०२३ ला डब्ल्यूएचओने सरळ सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण सेफ नाही, वाइन त्यातच आली. ते किती जणांनी वाचलं? खोटं छापतात असं मी म्हणतच नाही, अर्धं छापतात.

दिंडोरीचा बागायतदार: भाऊ पेपर वाचून कोणी प्यायला लागत नाही, पिणाऱ्याला फक्त कारण लागतं, वाइन नाही तर थंडी, थंडी नाही तर मॅच. आणि आरोग्याच्या नावाखाली काय होतं ते आम्ही २०२० ला बघितलंय. चिकनने कोरोना होतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर उठलं आणि ब्रॉयलरचा भाव असा पडला की खाद्याचा खर्च निघेना, लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, पिल्लं खड्ड्यात पुरली. तेव्हा फॉरवर्ड करणारे सगळे तुमच्यासारखे काळजीवालेच होते. उद्या वाइनचं असंच उठलं तर वाइनरीशी करारावर द्राक्षबाग लावलेल्यांनी काय करायचं?

निशा_इंदिरानगर: दादा, चिकनची अफवा होती, हे संशोधन आहे, एका तराजूत नका टाकू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. एक गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, भरपूर वाढलेलं, आणि खिशातून पेपरचं कात्रण काढलं, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावून जपलेलं. म्हणे मॅडम, वाइनने तर हे वाढायला नको ना? त्या कात्रणात रेस्व्हेराट्रॉलचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या एका घटकाचं, कौतुक होतं, पण ते एका ग्लासात किती नगण्य असतं याचा उल्लेख नाही. आणि जुन्या बऱ्याच अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारी पडून दारू सोडलेले लोकही धरलेले, मग थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच की!

म्हसरूळकर: सगळं खापर मीडियावर फोडू नका राव. पोलिओच्या वेळी अमिताभ टीव्हीवरून ओरडून ओरडून सांगत होता, 'दो बूंद जिंदगी की', म्हणून आयाबाया पोरं घेऊन बूथवर आल्या. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो काय नुसत्या सरकारी परिपत्रकावर?

सावरकरनगरवाला: अहो पण पोलिओच्या जाहिरातीत कोणी काही विकत नव्हतं. इथे एका पानावर वाइनचे फायदे आणि शेजारच्या पानावर वाइनरीतल्या रिसॉर्टचं वीकेंड पॅकेज, वाचणाऱ्याने काय समजायचं? एफएसएसएआय, म्हणजे खाण्यापिण्याच्या सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाने १ एप्रिल २०१९ पासून बाटलीवर आरोग्यास हानिकारक असं छापावंच लागतं आणि तब्येतीचा कुठलाही फायदा लिहिता येत नाही. म्हणजे बनवणाऱ्याला जे लिहायला बंदी, ते पेपरवाला बिनधास्त लिहितो!

म्हसरूळकर: हा मुद्दा बरोबर. पण मग मिसळीच्या रिळांचं काय, ती तर्री बघून अर्धं नाशिक रविवारी रांगेत उभं राहतं, तिथं कुठंय इशारा?

निशा_इंदिरानगर: मिसळ हार्टला चांगली असं कोणी सांगत नाही हो, फरक तोच आहे.

दिंडोरीचा बागायतदार: ताई, बाटलीवर एवढं ठळक छापलंय, ते वाचून कोणी सोडली का? नाही ना. मग बातमीत छापून काय दिवे लागणार आहेत.