कॅम्परव्हॅनला घरातून वीज घ्यायची आहे, अर्थिंगबद्दल मदत हवी आहे

मंडळी, काणकोणात पाळोळ्याजवळ ओळखीच्यांच्या आवारात कॅम्परव्हॅन लावणार आहोत. १६ अँपिअरचा पॉइंट द्यायला ते तयार आहेत, पण तो पडवीत आणि गाडी माडांखाली, २० मीटरवर.

केबल २५ मीटरची, २.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, चक्रीवर गुंडाळलेली. ती पूर्ण सोडूनच वापरायची हे ठाऊक आहे. वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. (मेव्हणे म्हणतात, "काही होत नाही." त्यांना कशानेच काही होत नाही.)

खरी अडचण अर्थिंगची. घर जुनं. सॉकेटला तिसरं भोक आहे, पण मागे तार जोडलीय का? नुसत्या टेस्टरने फेज कळतो, अर्थची खात्री होत नाही. तुम्ही कसं तपासता? गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, पण केबल वाटेतच चिरली तर तो काय करणार? मग पडवीतल्या टोकालाही एक लावावा ना?

शिवाय पाऊस. जोड जमिनीवर राहू नये म्हणून काय करता? निळा औद्योगिक प्लग आयपी ४४ चा (पाण्याचे शिंतोडे सोसणारा) चालेल की आयपी ६७ चाच (थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकणारा) घ्यावा? मडगावात कुठे मिळतो तेही सांगा.