पद्मिनीला कोणती बॅटरी टाकावी?

प्रश्न : गाव आर्वीजवळ. 1980 च्या आसपासची प्रीमियर पद्मिनी, बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमोच. महिन्यातून दोनदा निघते. उन्हाळ्यात बॅटरी बसते. मेंटेनन्स फ्री (सीलबंद, पाणी न भरायची) घ्यावी का?

उत्तर 1 : भाऊ, डायनॅमो असेल तर पाणी भरता येणारीच घ्या, 12 व्होल्ट, 35 ते 45 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). मे महिन्यात पाणी झपाट्याने उडते, सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही. दर पंधरा दिवसांनी पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. ॲसिड नाही, बोअरचं पाणी तर मुळीच नाही. जास्त एएचच्या मागे लागू नका, डायनॅमो संथ इंजिनावर जवळपास चार्जच करत नाही. दुकानात तयार झाल्याचा महिना वाचा, आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत तेही. उलटं निघालं तर वायर पुरत नाही.

उत्तर 2 : आधी बॅटरीला व्होल्टमीटर लावा ना! रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12.4 च्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं, मग नवी बॅटरीही वर्षभरात जाते. इंजिन थोडं पळवून 13.8 ते 14.4 येत नसतील तर दोष कटआउटचा (डायनॅमो आणि बॅटरीमधलं चार्जिंग सांभाळणारा डबा) किंवा डायनॅमोतल्या कार्बन ब्रशचा.

उत्तर 1 : बरोबर. इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टीही (करंट परत नेणारी वायर) घासून घट्ट करा, अर्धे ‘बॅटरी गेली’वाले तिथंच सुटतात. गाडी उभी करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.