शेती आणि ग्रामीण समाज या विषयात पीएचडी : समाजशास्त्र विभाग की कृषी विस्तार विभाग?

नमस्कार.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले असून शेती आणि ग्रामीण समाज याच विषयात पीएचडी करून पुढे अध्यापन व संशोधन करायचे, हे माझे ठरले आहे. प्रश्न विभागाच्या निवडीचा आहे आणि तिथे मी काही महिने अडून बसलो आहे.

कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतीतील नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या शास्त्राच्या, बाजूने गेल्यास ‘शेतकरी नवे तंत्र कधी आणि का स्वीकारतात’ या प्रकारचा विषय सहज मिळतो. या परंपरेबद्दल मला आदर आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातील संकरित मक्याच्या बियाण्यावर रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बियाण्याची बातमी अनेकांना विक्रेत्याने दिली, पण पेरायचे की नाही हे ठरताना शेजाऱ्याच्या अनुभवाचे वजन अधिक पडले. मात्र या मांडणीत नवे ते चांगलेच, हे आधी गृहीत धरले जाते आणि ते न घेणारा ‘मागे राहिलेला’ ठरतो. त्याच्या नावावर जमीन किती, डोक्यावर कर्ज किती, हे प्रश्न कडेला जातात, आणि मला नेमके तेच विचारायचे आहेत.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन गावांची तुलना केली : मोठ्या शेतांचे आर्विन आणि लहान शेतांचे डिन्यूबा. शेतमालाचे एकूण मूल्य जवळपास सारखे असूनही डिन्यूबात व्यवसाय आणि नागरी संस्था अधिक होत्या. जमिनीची मालकी आणि गावाचे सार्वजनिक जीवन यांचे हे नाते मला अभ्यासायचे आहे. डिन्यूबा हे मुळात आर्विनपेक्षा जुने गाव होते, म्हणून फरकाचे श्रेय शेताच्या आकाराला किती द्यायचे, हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यामुळे दोन गावे घ्यावीत, की एकाच गावात पेरणीपासून काढणीपर्यंतचे पूर्ण वर्ष राहावे, हेही ठरत नाही.

अशा विषयावर समाजशास्त्र विभागातून पीएचडी केलेल्यांना कृषी संस्थांमधील पदांसाठी अर्ज करताना पदवीच्या विषयाची अडचण आली का? सहमार्गदर्शक विस्तार विभागातील घेतल्याने ती कमी होते का? आणि क्षेत्रकार्याला वर्षभर दिलेल्या कोणाला प्रबंध मुदतीत पूर्ण करता आला असेल, तर त्यांनी लेखनाचे नियोजन कसे केले, तेही कृपया लिहावे.