‘मोल’ म्हणजे तीळ, की रसायनशास्त्रातलं माप? एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

पिको-फॉल, सांगली

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीला. विज्ञानात ‘मोल’ हे माप शिकवलं. डोक्यात बसेना म्हणून तिने मोबाईलवर अर्थ शोधला, तर पहिलाच अर्थ आला अंगावरचा तीळ. खाली जमीन पोखरणारा प्राणी, मग हेर, मग बंदराचा धक्का. तिने सगळे अर्थ वहीच्या समासात एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, “आई, तीळ बारीक, अणूही बारीक, म्हणून मोल म्हणत असतील का?” मला ते पटलं, पण तिच्या डोक्यात चुकीचं काही बसायला नको. मी दिवसभर मशीनवर असते, माझं इंग्रजी दहावीपुरतं. आपल्या मोलमजुरीतल्या ‘मोल’शी याचं काही नातं आहे का? कुणी नीट समजावून सांगाल का?

फळा-खडू

ताई, 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नाही. मीही कधी स्वतःहून सांगितलं नाही, याची आज हळहळ वाटते. लेकीला शाबासकी द्या.

हा एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या घरांतले शब्द झिजत झिजत एकसारखे दिसू लागले. तिळाचा ‘मोल’ जुन्या इंग्रजीतल्या ‘माल’चा. त्याचा अर्थ डाग, आणि तोही मुख्यतः कापडावरचा! इंग्रजीत कापडावरच्या गंजाच्या डागाला ‘आयर्न-मोल्ड’ म्हणतात, त्यातला ‘मोल्ड’ मुळात हाच ‘मोल’. हा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जवळचा.

रसायनशास्त्रातला मोल लॅटिन ‘मोलेस’चा नातू. मोलेस म्हणजे मोठा ढीग, अवजड रास. त्याचं लहान रूप ‘मोलेक्युला’, म्हणजे चिमुकला ढीग. त्यावरून मॉलिक्यूल, आपला रेणू. 1890 च्या दशकात विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने जर्मन भाषेत ‘मोल’ हा शब्द रूढ केला. गंमत बघा, तेव्हा त्याचा अणूंवर विश्वासच नव्हता. त्याच्या लेखी मोल म्हणजे ग्रॅममधलं वजन होतं, कणांची मोजणी नव्हे. आज ती मोजणी आहे. 20 मे 2019 पासून एक मोल म्हणजे बरोबर 6.02214076 गुणिले 10 चा 23 वा घात इतके कण. मुलं हा आकडा पाठ करतात आणि घाबरतात. तिला सांगा, चहाच्या चमच्याने साधारण साडेतीन चमचे पाणी वाटीत घे. ते झालं 18 ग्रॅम, म्हणजे एक मोल पाणी.

बंदराचा धक्काही त्याच मोलेसचा, समुद्रात रचलेली दगडांची रास. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून सुटलेल्या 3,38,000 सैनिकांपैकी दोन लाखांहून जास्त जण बंदरातून, मुख्यतः तिथल्या पूर्वेकडच्या मोलवरून बोटींवर चढले. म्हणजे धक्का आणि रसायनातलं माप हे चुलतभाऊ. तिळाचं त्यांच्याशी काही नातं नाही.

प्राणी आणखी वेगळा. त्याचं जुनं इंग्रजी नाव ‘मोल्डवार्प’, माती फेकणारा. आपल्या महाराष्ट्रात तो नाही. कुणी चिचुंद्री म्हणतात, पण चिचुंद्री वेगळी. आतून पोखरतो म्हणून हेराला त्याचं नाव मिळालं. इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनने 1622 मध्येच छुप्या शत्रूंसाठी ते वापरलंय. आपलं मोल संस्कृत ‘मूल्य’वरून आलं, त्याचा या कुणाशी संबंध नाही.

रात्रपाळी

सर, एक मोल राहिला. मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर कधी कधी ‘व्हेसिक्युलर मोल’ लिहिलेलं असतं. यात गर्भ नीट वाढत नाही, वारेचे द्राक्षांच्या घोसासारखे फुगे होतात. एका बाईने तो कागद माझ्यापुढे धरून विचारलं होतं, “सिस्टर, बाळाला तीळ आहे म्हणजे चांगलंच ना?” तिच्याही मोबाईलने पहिला अर्थ तीळच दाखवला होता. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. ते सांगायला मला पाऊण तास लागला.

हा मोल लॅटिन ‘मोला’चा, म्हणजे जात्याचा दगड. दाढेला मोलर म्हणतात तेही त्यावरूनच, दाढ दळते म्हणून. रिपोर्टवरच्या शब्दाचा अर्थ मोबाईलवर शोधू नका, आम्हाला विचारा. कितीही वेळा विचारा.

पिको-फॉल, सांगली

सर, सिस्टर, दोघांचे मनापासून आभार. त्या बाईचं वाचून मशीन थांबवलं मी.

लेकीने समासातली यादी खोडली आणि नव्या पानावर चार घरं काढली: डाग, ढीग, माती, जातं. प्रत्येक शब्द आपापल्या घरात लिहिला. ‘मोलर द्रावण’ ढिगाच्या घरात आणि ‘मोलर दाढ’ जात्याच्या, हे तिचं तिनेच लावलं. मग वाटीत साडेतीन चमचे पाणी घेऊन बराच वेळ बघत बसली.

मागच्या पावसाळ्यात एका पांढऱ्या ब्लाउजच्या अस्तरात माझी टाचणी राहून गेली होती. ती गंजली, मसुराएवढा तांबूस डाग पडला आणि लिंबू-मीठ चोळूनही पूर्ण गेला नाही. गिऱ्हाइकाला मी नवं अस्तर घालून दिलं, जुनं चिंध्यांच्या पिशवीत होतं. काल ते शोधून काढलं. तिने डागाभोवतीचा चौकोन कापून वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘माल’.